कारणाचा रकाना

निवेखोलच्या काळकाईला वर्षातून चार दिवस घराबाहेर पडायची मुभा असते आणि त्या चार दिवसांत तिला एकशे अठरा घरं करायची असतात. हे गणित देवीला जमतं, मानकऱ्यांना जमत नाही. मागच्या शिमग्यात तिची पालखी तिठ्यावर दीड तास अडकून पडली होती. गावच्या मंडळाच्या यादीत पुढचं घर डाव्या अंगाचं होतं आणि मुंबईच्या मंडळाच्या यादीत उजव्या. दोन्ही याद्यांवर गावच्या पहिल्या मानकऱ्याची, गावकर येसाजीची सही होती, कारण येसाजी समोर येईल त्या कागदावर सही करतो. पालखी खांद्यावर घेतलेली माणसं आधी नाचली, मग नुसती डुलली आणि शेवटी त्यातल्या एकाने सरळ विचारलं, आईला खाली ठेवू की मीच खाली बसू?

म्हणून यंदा येसाजीने थंडीतच तेजश्रीला बोलावून घेतलं. रंगूबाईची ही मुलगी महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होती. तिची छोटी कंपनी कारखान्यांसाठी मॉडेलं बनवते. मॉडेल म्हणजे बॉयलर खराखुरा पेटवण्याआधी तो संगणकात पेटवून बघायचा. फुटलाच तर पडद्यावर फुटतो, कुणाची भुवईसुद्धा जळत नाही. एकाच मॉडेलवर सहा जण सहा गावांत बसून काम करतात आणि कुणी कुणाचं काम पुसत नाही, असं तिने येसाजीला सांगितलं. आधीचं सगळं येसाजीच्या डोक्यावरून गेलं. शेवटचं मात्र त्याला चमत्कारासारखं वाटलं.

"सहा मानसं आनि भांडान नाय?"

"भांडण असतंच आप्पा. पण लिहिलेलं असतं."

"मंग आपल्या पालखीचं तसं कायतरी कर गो. लिवलेलं भांडान बरं, निदान खांदा दुखत नाय."

तेजश्रीने होकार दिला, पण त्यात देवीची सेवा वगैरे काही नव्हती. तिच्या आईचं घर वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, चढावर एकटंच आहे, आणि त्या घरी पालखी बारा वर्षांत आली नव्हती. वडील होते तोवर यायची. ते गेले त्या साली आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही. दरसाल रंगूबाई अंगण सारवायची, ओटीचं ताट भरायची, ठेवणीतलं लुगडं नेसून दारात बसायची. ढोल वहाळापर्यंत वाजत यायचे, जरा थांबायचे आणि परत फिरायचे. मंडळाच्या पोरांना विचारलं तर म्हणत, तुमचं घर यादीत नाही, आणि वेळही पुरत नाही. रंगूबाईने मात्र कारण स्वतःपुरतं पक्कं केलं होतं. तिचा नवरा एकदा भर सभेत येसाजीला तोंडावर बोलला होता, त्याचा हा सूड.

"मालक होते तवर येसाजी टरकून होता," ती म्हणायची. "बाईमानूस एकलं राह्यलं की देव बी वळतो." पुढे ती येसाजीच्या मिशीपासून सुरुवात करून त्याच्या पूर्वजांपर्यंत पोचायची. तो भाग इथे देता येणार नाही.

तेजश्रीला वेळ पुरतो हे सिद्ध करायचं होतं. यंदा पालखी आईच्या दारात नाचवायची, एवढी एकच गोष्ट मनात धरून ती कामाला लागली.

मॉडेल झकास झालं. प्रत्येक घर म्हणजे एक चौकोन, त्यात ओटी भरायला, आरतीला आणि नाचवायला लागणारी मिनिटं. दोन चौकोनांमध्ये बाण, त्यावर चालायची मिनिटं, चढ असेल तर जास्त. मग मानाचे नियम: पहिलं घर गावकराचं, दुसरं पाटलाचं, आणि पुढे कोण कुणाच्या आधी ते सगळं. तळाला रोजची बेरीज. दिवेलागणीच्या आत पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या कट्ट्यावर परतत नसेल तर तो दिवस लाल व्हायचा.

आता ती एक चूक करून बसली. मॉडेल तिने दोन्ही मंडळांच्या अकराही जणांना मोकळं करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर विरारच्या रितेशने, म्हणजे मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीने, झाडून सगळ्या मुंबईकरांची घरं रविवारी आणून ठेवली होती, "लीव्ह का प्रॉब्लेम है" म्हणून. कुणीतरी वरची आळी उचलून खालच्या आळीच्या आधी लावली होती. एक घर तीन वेळा आलं होतं, कारण तीन भावांच्या चुली गेल्या महिन्यात वेगळ्या झाल्या होत्या. आणि पाटलाचं घर गायब होतं. ते कुणी पुसलं म्हणून विचारलं तर अकराच्या अकरा जणांनी हात वर केले.

तेजश्रीने देवळात सभा घेतली आणि कारखान्यातली शिस्त गावाला लावली. मूळ मॉडेलला कुणी हात लावायचा नाही, तिने स्वतःसुद्धा नाही. बदल हवा असेल त्याने आपली वेगळी प्रत काढायची आणि बदल तिच्यात करायचा. काय बदललं आणि का, ते कारणाच्या रकान्यात लिहायचं. दोघांनी बघून मंजूर केलं तरच तो बदल मुळात जाईल. आणि काही म्हणजे काहीच पुसलं जाणार नाही, जुनी प्रत्येक आवृत्ती करणाऱ्याच्या नावासकट राहील. याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, असं सांगून ती खाली बसली.

"म्हंजे पाप करा, पन सही करून करा," येसाजी म्हणाला. इतका नेमका अर्थ तिच्या साहेबालाही कधी सांगता आला नव्हता.

कारणाच्या रकान्यावर गाव तुटून पडलं. इतक्या वर्षांत 'का?' असं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता तर लिहायला जागाही दिली होती. राजेशने लिहिलं, "बारा मिनिटं वाढवावीत. शेजाऱ्याला पंधरा आहेत." शेजाऱ्याने लिहिलं, "पाच वाढवावीत. राजेशने बारा मागितली म्हणून." एकाने लिहिलं, "आमचं घर आवडीकाकूच्या आधी घ्यावं. कारण तिला माहीत आहे." हा बदल सगळ्यांत लवकर मंजूर झाला. ते कारण काय, याची चर्चा पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत गेली.

मंजुरीची वेगळीच तऱ्हा. निवेखोलात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. ज्याला बदल हवा तो संध्याकाळी मंजुरी देणाऱ्याच्या घरी यायचा, चहा प्यायचा, गुरांची चौकशी करायचा आणि उठता उठता म्हणायचा, "तेवढं बटन दाब रे." चहा पाजल्यावर कोण नाही म्हणणार? आठवड्याभरात एकसष्ट बदल मंजूर झाले आणि तळाची बेरीज सांगू लागली की पालखीला रोज एकतीस तास लागतील. चारही दिवस लालभडक.

तेजश्रीच्या नाकी नऊ आले. मग तिने एकच नियम बदलला: मंजुरी कुणाचीही चालणार नाही, ज्याची मिनिटं कापली जाणार त्याचीच हवी. दिवस काही लांबत नाही. तुम्हाला बारा वाढवून हवीत तर ती कुणाच्या चौकोनातून काढताय ते सांगा आणि त्याला राजी करा. जुने एकसष्ट बदलही याच नियमाने परत तपासले गेले, एका फटक्यात अडकले आणि चहाचा खप पडला. मॉडेल पुन्हा माणसांना झेपेल असं दिसू लागलं.

मग तिने स्वतःचा बदल टाकला. रंगूबाईचं घर, चाळीस मिनिटं. ती काढली येसाजीच्या चौकोनातून, कारण तिथे एकशे तीस होती. गावकराच्या अंगणात पालखी सगळ्यांत जास्त नाचते, त्यात निम्मा वेळ मुंबईकर मोबाइलवर व्हिडिओ काढतात. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, "या घरावर अन्याय झाला आहे." लिंक येसाजीच्या फोनवर गेली. तो फोन त्याचा नातू शुभम वाचून दाखवतो. शुभम महाडला कारखान्यात पाळीवर जातो, पण रोज घरी येतो. एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले. मंजुरी नाही, नकार नाही, काहीच नाही.

तेजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणते ते खरंच होतं तर!

"सोड त्याचा नाद," रंगूबाई तांदूळ पाखडत म्हणाली. "त्या म्हाताऱ्यानं बटन दाबल्यावर देव माज्या दारात येनार? मला नको तसला देव."

"तुला हवा आहे, आई."

रंगूबाईचं सूप जोरात हलायला लागलं.

तेव्हा तेजश्रीने ठरवलं की सभेत येसाजीला उघडं पाडायचं. मॉडेलला यंदापुरताच इतिहास होता. तिला मागचा हवा होता. घर कोणत्या साली निघालं, यादी कुणी केली, सगळं नावासकट पडद्यावर दाखवायचं. अलीकडच्या याद्या तिने मंडळाकडून घेतल्या; त्याआधीच्या गंगाधर गुरुजींकडे होत्या. गावच्या शाळेतून निवृत्त होऊन ते पोलादपूरला राहायला गेले, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत त्याही घेऊन गेले. रद्दीत घालायला जीव होत नाही, असं ते म्हणाले. शनिवारी सुट्टी होती. गुरुजींच्या ओटीवर बसून ती एकेक यादी मॉडेलमध्ये घालत गेली. एक साल म्हणजे एक आवृत्ती, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की काय वाढलं ते हिरवं दिसायचं आणि काय गेलं ते लाल.

वडील असतानाच्या शेवटच्या सालापर्यंत घर होतं. पुढच्या सालच्या यादीत नव्हतं. तिने ती यादी ट्रंकेतून काढली आणि उजेडात धरली.

सुंदर, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर. 'श'ला तो लांब फाटा. दहावीत असताना ती असाच 'श' काढायची.

"तुझंच अक्षर," गुरुजी चष्मा वर करत म्हणाले. "त्या वर्षी माझ्या हाताला फ्रॅक्चर होतं, म्हणून तुला लिहायला बसवलं होतं. विसरलीस वाटतं? वडील जाऊन दोन महिने झाले होते. वर्षाचा दुखवटा असलेल्या घरी पालखी जात नाही, म्हणून मीच म्हणालो, यंदा तुमचं घर नको लिहूस. रडत होतीस आणि लिहीत होतीस."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी इथे आलो, तू पुण्याला गेलीस. पोरांनी तुझ्या यादीची मंडळाकडची झेरॉक्स समोर ठेवून उतरवली असेल. अक्षर चांगलं होतं ना. त्यानंतरच्या वर्षी तिच्यावरून, आणि मग तिच्यावरून." गुरुजींनी यादी हातात घेतली. "कंसात 'दुखवटा' एवढं लिहिलं असतं तर झालं असतं. मीच सांगायला हवं होतं."

ती तिथेच बसून राहिली. वडिलांचा मृत्यू तिला आठवत होता, शिमग्याचा तो ढोल आठवत होता, पण ही यादी अजिबात आठवत नव्हती. अख्ख्या गावाला 'कारण लिहा, कारण लिहा' म्हणून पिडणारी बाई ती हीच. तिच्या एका कोऱ्या रकान्यामुळे आई बारा वर्षं ताट घेऊन दारात बसली होती. आणि सुट्टी काढून येऊन तीही शेजारी बसायची, येसाजीला शिव्या घालायला.

बोट लॅपटॉपच्या बटणावर होतं. ते एक साल गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? गुरुजींच्या ट्रंकेत उंदीर होतेच, एखादी यादी खाल्ली म्हणून सांगता आलं असतं. तिने दोनदा गाळून पाहिलं. पण तसं केलं की दोष आपोआप पुढच्या सालच्या यादीवर, म्हणजे त्यावर सही असलेल्या येसाजीवर जायचा. कालपर्यंत हेच तर तिला हवं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तिने ते साल घातलं आणि लिहिणाऱ्याच्या नावापुढे स्वतःचं नाव टाकलं.

रविवारी सकाळी सहाणेवर सभा भरली. शुभमने घरचा टीव्ही आणून कट्ट्यावर ठेवला होता. तेजश्रीने दोन आवृत्त्या शेजारी लावल्या, लाल चौकोन दाखवला, खालचं नाव मोठं केलं आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं.

"अरे, ये तो सेल्फ गोल है," सभेसाठी विरारहून आलेला रितेश म्हणाला.

येसाजीने पडद्यावरचं नाव शुभमकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाला, "आमास्नी वाटलं, रंगूबायलाच पालखी नको. मालक गेल्यावर देवावर रुसली. दुखवटा सरल्यावर घरच्यांनी येऊन बोलावनं द्यायचं असतं, मगच पालखी परत जाते. ती आलीच नाय. दरसाल वहाळापाशी पालखी टेकवतो मी. म्हनतो, आज तरी वरनं हाक येल."

"म्हणून थांबतो होय आपण तिथं!" शुभम म्हणाला. "मला वाटायचं तुम्ही बिडी ओढायला थांबता."

"बिडी बी ओढतो. हाक येस्तवर काय करायचं?"

"आप्पा, ती वर दारातच असते," तेजश्री म्हणाली. "दरसाल. ताट भरून."

"मंग बोलावत का नाय?"

"ती म्हणते, आईला वाट माहीत आहे, बोलावायचं कशाला."

"आनि तू फोनवर 'अन्याय' लिवून धाडलास," येसाजी म्हणाला. "नऊ दिस शुभम वाचून दाखवतोय. मी म्हनलं, देवाचं बोलावनं आसं धाडतात काय? आधी बाईमानूस माज्या दारात येऊ दे."

शुभमने टीव्ही बंद केला आणि सभा उठली.

घरी परतताना तेजश्रीला वहाळाचा चढ कधी नव्हे इतका लांब वाटला. रंगूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तेजश्रीने पायरीवर बसून सगळं सांगितलं. यादीचं, अक्षराचं, बोलावण्याचं, वहाळापाशी थांबणाऱ्या पालखीचं. आईने मारलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

रंगूबाईच्या मुठीत मिरच्या तशाच राहिल्या.

"तू लिवलं व्हतंस?"

"हो."

"रडत व्हतीस?"

"गुरुजी म्हणाले."

"मला दाखवायचं तरी व्हतंस गो," रंगूबाई म्हणाली आणि मिरच्यांचे हात विसरून तिने डोळे पुसले. मग जे झालं ते व्हायचंच होतं. मायलेकी हंड्याशी धावल्या, तेजश्री तिच्या डोळ्यांवर पाणी मारत राहिली. त्यातलं रडणं किती आणि मिरची किती, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

डोळे उघडल्यावर रंगूबाई घरात गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. हातात नारळ होता.

"कुठे?"

"बोलावनं द्यायला. तुज्या फोनानं न्हाय येत म्हनतात ना देव."

येसाजी ओटीवर सुपारी कातरत होता. बारा वर्षांनी वहाळ ओलांडून आपल्या दारी आलेल्या रंगूबाईला बघून तो उठूनच उभा राहिला. तिने डोक्यावर पदर घेतला, नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि सांगायची रीत असते तसं सांगितलं: दुखवटा सरलाय, अंगण सारवलंय, आईनं यावं.

"येल," येसाजी म्हणाला. त्याने नारळ उचलून कपाळाला लावला.

रंगूबाई मात्र हलली नाही.

"भावजी, अजून हाय. बारा वर्सं तुमाला शिव्या घातल्यात मी. रोज, दिवा लावताना बी. त्या सगळ्या परत घेते." तिने पदर नीट केला. "दोन सोडून."

"कंच्या दोन?"

"हाक नाय आली, तर एकदा वर चढून बघायचं व्हतं की नाय? बिडी ओढत बसलात. त्या दोन ऱ्हाऊ देत."

येसाजीने अडकित्ता खाली ठेवला. "ऱ्हाऊ देत," तो म्हणाला. "त्या माज्याच हायत." आणि आत तोंड करून त्याने शुभमला हाक मारली, ते मंजुरीचं बटन कुठं असतं ते दाखव म्हणून.